तारा लवकर सुटतील का? दात वेगाने सरकवण्याच्या नव्या उपायांमागचं खरं-खोटं

प्रवासात ऐकताना आवाज तुटला असेल, किंवा एखादा आकडा पुन्हा बघायचा असेल, तर आजच्या भागाचं हे लिखित रूप.

वाशी, नेरुळ, सीवूड्स, खारघर, कुठल्याही सेक्टरमध्ये पाच मिनिटं चाला, दातांच्या दवाखान्याची एक तरी पाटी दिसतेच. आणि फोन उघडला की जाहिरात: ‘ब्रेसेस आता निम्म्या वेळेत’, ‘सहा महिन्यांत सरळ दात’. कुणाचं लग्न डिसेंबरात असतं, कुणाची कॅम्पस मुलाखत तोंडावर असते, कुणाला परदेशी शिकायला जायचं असतं. अशा वेळी डॉक्टर म्हणाले, “थोडे जास्त पैसे भरा, हाडाला बारीक छिद्रं पाडू, काम पटकन होईल,” तर मन लगेच हो म्हणतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत होते.

तर आज बघू, की ही छिद्रं, हे छेद, ही थरथरणारी उपकरणं नेमकं काय करतात. उत्तर आधीच सांगून टाकते: दात सरकण्याचा वेग थोडा वाढू शकतो, तोही थोड्या काळासाठी. पण अख्खा उपचार निम्म्या वेळेत संपेल, अशी हमी देण्याइतका पुरावा आज कुणाकडेच नाही. का नाही, ते समजलं की पैसे भरायचे की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा सल्ला तुमच्या डॉक्टरांचाच.

दात सरकतो म्हणजे काय होतं?

भिंतीत खिळा ठोकलेला असतो, तसा दात हाडात घट्ट बसलेला असतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यात तंतूंचा एक पातळ पडदा असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा. दात या तंतूंवर झोळीसारखा लटकलेला असतो.

तारेने दाताला एका दिशेला हलका जोर दिला की पुढच्या बाजूचे तंतू दाबले जातात आणि मागच्या बाजूचे ताणले जातात. दाबाच्या बाजूला हाड कुरतडणाऱ्या पेशी गोळा होतात आणि दातासाठी वाट मोकळी करतात. ताणाच्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी नवं हाड भरत येतात. म्हणजे तार दाताला ओढून नेत नाही. ती शरीराला फक्त निरोप देते. खोदकाम आणि बांधकाम शरीरच करतं.

म्हणूनच जोर दुप्पट केला की वेग दुप्पट होत नाही. फार जोर दिला तर तंतूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, तिथलं काम ठप्प होतं आणि दात काही आठवडे जागचा हलतच नाही. वर मुळाला इजा होण्याचा धोका. “डॉक्टर, जरा जास्त घट्ट करा ना,” असं म्हणून काही साधत नाही, ते यामुळे.

आता साधा हिशोब करू. दात साधारण महिन्याला एक मिलिमीटर सरकतो. खूप गर्दी असेल किंवा दात पुढे आलेले असतील, तर एक उपदाढ काढून जागा करतात. ती जागा साधारण सात मिलिमीटरची. सुळा मागे आणून ती भरायला सहा-सात महिने सहज लागतात. त्याआधी दात ओळीत आणायचे, त्यानंतर पुढचे दात मागे घ्यायचे, मग वरच्या-खालच्या दातांची चावण्याची बैठक जुळवायची. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली पक्क्या तारांच्या उपचाराची सरासरी सुमारे २० महिने आली. तुमच्या डॉक्टरांनी दीड-दोन वर्षं सांगितली असतील, तर ते तुम्हाला रखडवत नाहीयेत.

हाडाला जखम केली की वेग का वाढतो?

ही कल्पना मुळात दातांच्या नाही, हाडांच्या डॉक्टरांकडून आली. अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी पाहिलं, की हाडाला इजा झाली की त्या भागातली सगळी दुरुस्ती नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने सुरू होते. फक्त मोडलेल्या जागी नाही, तर आजूबाजूलाही. १९८३ साली त्यांनी यावर सविस्तर लिहिलं.

सोसायटीचं उदाहरण घ्या. एका मजल्यावर पाइप फुटला म्हणून प्लंबर, गवंडी, माल, सगळं आलं. आता माणसं आलीच आहेत, तर शेजारच्या घरातली गळतीही होऊन जाते. हाडातही तसंच. दुरुस्तीच्या पेशींची फौज येते, जुनं हाड भराभर निघतं, नवं घातलं जातं आणि त्या काळात तिथलं हाड थोडं भुसभुशीत होतं. पावसाने ओल्या झालेल्या मातीतून रोप जसं सहज हलतं, तसा दात सरकायला सोपा जातो. पण माती पुन्हा सुकतेच. हा परिणाम पहिल्या एक-दोन महिन्यांत जोरात असतो आणि पुढच्या काही महिन्यांत ओसरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दातांच्या उपचारात हाडाला छेद देण्याचा प्रयोग त्याआधीचा, १९५९ सालचा. हाइनरिश कोले यांनी हिरडी उघडून दातांभोवतीच्या हाडाच्या वरच्या कठीण थराला काप दिले. त्यांची समजूत अशी होती, की दात हाडाच्या तुकड्यासकट सरकतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी, त्यातला एक हिरड्यांचा डॉक्टर आणि दुसरा दात सरळ करणारा, स्कॅन बघून वेगळं सांगितलं. हाडाचा ठोकळा सरकत नाही, हाडातले क्षार तात्पुरते कमी होतात आणि मग परत भरतात. वेग मिळत होता, पण हिरडी पूर्ण उघडायची, टाके, सूज, दुखणं, खर्च. निव्वळ थोडे महिने वाचवायला एवढं कोण करून घेणार?

कमी काटछाटीचे तीन मार्ग

मग शोध सुरू झाला, हिरडी न उघडता तेवढीच जखम करता येईल का, याचा. त्यातून तीन नावं पुढे आली.

पहिला मार्ग कोरियातला, कॉर्टिसिजन. हिरडीतून थेट एक पातळ, मजबूत पातं हाडात घालायचं आणि छोट्या हातोडीने ठोकायचं. भूल दिलेली असते, तरी जागेपणी डोक्यात ठकठक ऐकणं कुणाला आवडेल? तो फार रुळला नाही.

दुसरा पिएझोसिजन. २००९ मध्ये बॉस्टनच्या सर्ज दिबार्त आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. हिरडीवर छोटे उभे छेद घ्यायचे आणि त्यातून अतिसूक्ष्म कंपनांवर चालणाऱ्या टोकाने हाडाला चीर द्यायची. हे टोक कठीण हाड कापतं, मऊ भागाला सहसा धक्का लावत नाही.

तिसरा मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन. नाव लांबलचक, काम छोटं. हिरडी बधीर करून स्क्रूसारख्या बारीक अवजाराने हाडात दोन-तीन छिद्रं पाडायची, दीड मिलिमीटर रुंद आणि काही मिलिमीटर खोल. छेद नाही, टाके नाहीत, खुर्चीत काही मिनिटांत काम. आज जाहिरातीत ‘बारीक छिद्रं पाडून लवकर’ असं दिसलं, तर बहुतेक हेच असतं.

मग फायदा होतो की नाही?

छिद्रांचा बोलबाला झाला तो २०१३ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासामुळे. मानी अलिखानी आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढ रुग्ण घेतले. छिद्रं पाडलेल्या बाजूचा सुळा २८ दिवसांत सुमारे २.३ पट वेगाने सरकला. जाहिरातींना आणखी काय हवं?

पण हे आकडे नीट वाचा. रुग्ण फक्त २०. मुदत फक्त २८ दिवस. आणि मोजला एक दात. मगाशी काय म्हटलं? परिणाम सुरुवातीला जोरात असतो आणि मग ओसरतो. पहिल्या पॉवरप्लेमधला रनरेट धरून वीस षटकांची धावसंख्या सांगावी, तसं हे झालं.

पुढे जास्त काळ बघितल्यावर चित्र फिकं झालं. २०१८ मध्ये जॉर्डनमधल्या अभ्यासात तीसहून थोडे जास्त रुग्ण तीन महिने पाहिले. छिद्रांची बाजू आणि साधी बाजू यांच्यात लक्षात घेण्यासारखा फरक दिसला नाही. २०१९ मध्ये मलेशियातल्या अभ्यासात छिद्रं ठरावीक आठवड्यांनी पुन्हा पुन्हा पाडली. १६ आठवड्यांत छिद्रांच्या बाजूचा सुळा सरासरी ४.२ मिलिमीटरच्या आसपास सरकला, दुसरा ३.१. फरक एक मिलिमीटरचा. चार महिने पुन्हा पुन्हा टोचून घेऊन, नेहमीच्या वेगाने एका महिन्यात होतं तेवढं. रुग्णांनी दुखल्याचंही सांगितलं, बहुतेकांनी मध्यम आणि काहींनी तीव्र.

पिएझोसिजनचं काय? तिथे एक निकाल खरंच चांगला आहे. २०१६ मध्ये बेल्जियममध्ये दातांची सौम्य गर्दी असलेल्या २४ प्रौढांवर अभ्यास झाला. त्यात एक दात नाही, पूर्ण उपचार मोजला आणि पिएझोसिजनच्या गटाचा वेळ ४३ टक्के कमी लागला. पण त्यातल्या निम्म्या रुग्णांच्या हिरडीवर व्रण राहिले. हसताना ज्यांची हिरडी दिसते त्यांनी याचा विचार करायलाच हवा, कारण सगळा खटाटोप हसण्यासाठीच तर चाललेला असतो. आणि २०१७ मध्ये अमेरिकेत खालचे पुढचे दात ओळीत आणताना हाच उपाय वापरला, तर वेळेत ठोस फरक मिळाला नाही.

म्हणजे हे सगळं खोटं आहे का? नाही. हाड जागं होतं, हे खरं. पण एक दात एका महिन्यात किती सरकला आणि तारा किती महिन्यांनी निघाल्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरात पहिल्याचं उत्तर देते. तुम्ही पैसे भरता दुसऱ्यासाठी.

वेगाची किंमत

खर्च आणि दुखणं दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे दाताचं मूळ. तारांच्या कुठल्याही उपचारात मुळाचा पृष्ठभाग थोडा झिजतोच, बहुतेकदा ते नगण्य असतं. सिडनीच्या संशोधकांनी ज्या उपदाढा तशाही काढायच्याच होत्या, त्यांच्यावर चार आठवडे जोर दिला, मग त्या काढून सूक्ष्म स्कॅन केला. पिएझोसिजन केलेल्या बाजूला झीज सरासरी ४४ टक्के जास्त होती. छिद्रं पाडलेल्या बाजूलाही जवळपास तेवढीच वाढ दिसली. शिवाय काही मुळांना अवजाराचा थेट धक्का लागलेला आढळला.

याने घाबरून जाऊ नका. मुळांची झीज थोडी वाढली म्हणून दात पडत नाहीत. पण ज्यांची मुळं आधीच आखूड आहेत, त्यांना हे परवडणारं नाही. म्हणून असं काही करण्याआधी एक्स-रे बघून मुळांची लांबी आणि त्यांच्यातलं अंतर तपासलं पाहिजे. हिरड्यांतून रक्त येत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल, हाडांच्या ठिसूळपणावर औषध घेतलेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. हाडाचा वेग वाढतो तो जखमेनंतरच्या दाहामुळे. आयबुप्रोफेनसारखी गोळी तोच दाह कमी करते. आपल्याकडे दात दुखला की घरातल्या डब्यातून कॉम्बिफ्लॅम निघते, तिच्यात आयबुप्रोफेन असतं. त्यामुळे अशा वेळी डॉक्टर बहुधा साधं पॅरासिटामॉल सुचवतात. कुठली गोळी चालेल, हे खुर्चीतून उठण्याआधीच विचारा.

टोचायचं नसेल तर?

काही उपकरणं दातात धरून रोज वीस मिनिटं थरथर घ्यायची असतात. इंग्लंडमध्ये २०१५ साली ८१ तरुण रुग्णांवर याची तपासणी झाली. थरथर घेणाऱ्यांचे दात लवकर ओळीत आले नाहीत. हलक्या लेझरचे निकाल उलटसुलट आहेत. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास गोळा करून तपासते. तिच्या २०२३ च्या आढाव्यातही या बिनटोचणीच्या उपायांतून रुग्णाला जाणवेल असा फायदा होतो, असं खात्रीने म्हणता आलेलं नाही.

तुमच्या हातातला वेग

आता खरी कामाची गोष्ट. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या पाच दवाखान्यांतले १४० पूर्ण झालेले उपचार तपासले गेले. कुणाला जास्त वेळ लागला? ज्यांनी भेटी चुकवल्या, ज्यांचे ब्रॅकेट वारंवार निघाले, ज्यांनी दात नीट घासले नाहीत. यातल्या एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही.

परीक्षा आली म्हणून दोन भेटी गेल्या, की तार आपलं काम संपवून नुसती बसून राहते. चिक्की, कडक चकली, शेंगदाण्याचा लाडू, मक्याचं कणीस दातांनी तोडलं, की ब्रॅकेट सुटतो आणि तो दात मागे राहतो. रबर लावायला सांगितलं आणि ते फक्त भेटीच्या आदल्या दिवशी लावलं, तर डॉक्टरांना ते लगेच कळतं. अलाइनर असतील तर दिवसाला साधारण २२ तास तोंडात हवेत. चहा, वडापाव, पुन्हा चहा, असं करत ते खिशातच राहिले, तर पुढचा ट्रे बसणारच नाही. कणीस खा, पण दाणे सोडवून खा.

आणि लवकर सरकलेला दातही तारा काढल्यावर जुन्या जागी जायला बघतो. रिटेनर कुणालाच चुकत नाही.

नवी मुंबईत राहत असाल तर

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय.एम.टी., कामोठ्याला एमजीएम, इतकी दंत महाविद्यालयं हार्बर लाइनच्या या एका पट्ट्यात आहेत. महाविद्यालयाच्या रुग्णालयात खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी असतो आणि शिकणाऱ्या डॉक्टरांच्या कामावर प्राध्यापकांचं लक्ष असतं. म्हणजे एका दवाखान्यात ‘झटपट’चा सल्ला मिळाला, तर दुसरं मत घ्यायला दोन-तीन स्टेशनांपलीकडे जावं लागत नाही. फक्त सुरुवातीलाच एक विचारा. एमडीएस हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तुमचे डॉक्टर मध्येच उत्तीर्ण होऊन गेले, तर पुढे तुम्हाला कोण बघणार?

एमडीएस करणाऱ्यांना प्रबंध लिहावा लागतो आणि दात वेगाने सरकवणं हा त्यासाठी लोकप्रिय विषय आहे. त्यामुळे कधी तुम्हालाही विचारलं जाऊ शकतं: “एका बाजूला छिद्रं पाडू, दुसऱ्या बाजूला नाही, आणि फरक मोजू. चालेल का?” एकाच तोंडात तुलना होते, म्हणून ही पद्धत संशोधकांना सोयीची वाटते. यात गैर काही नाही, असेच अभ्यास झाले म्हणून तर आज आपण हे बोलू शकतोय. पण तो अभ्यास असेल तर तुमची लेखी संमती लागते, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते आणि नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क असतो. नाही म्हटलं म्हणून तुमचा नेहमीचा उपचार अडता कामा नये. संमतीपत्र तुम्हाला समजेल त्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. भारतातल्या अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००७ पासून होते आणि ती मोबाइलवर कुणालाही मोफत बघता येते.

पैसे भरण्याआधीचे सहा प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. माझ्या केसमध्ये एकूण किती महिने लागतील, आणि या उपायाने त्यातले किती वाचतील? ‘पट’ नको, महिने सांगा.

२. हे एकदाच करायचं की पुन्हा पुन्हा? दर वेळचा खर्च वेगळा का?

३. माझ्या मुळांची लांबी एक्स-रेमध्ये कशी आहे?

४. हिरडीवर व्रण राहू शकतो का? हसताना तो दिसेल का?

५. हे करणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्स किंवा हिरड्यांच्या शास्त्रातले एमडीएस आहेत का? त्यांची राज्य दंत परिषदेकडची नोंदणी कुठे बघता येईल?

६. हे केलंच नाही, तर माझं काय नुकसान होईल?

सहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक वेळा त्याचं प्रामाणिक उत्तर असतं, ‘काही नाही, थोडे आठवडे जास्त लागतील.’ आणि त्या थोड्या आठवड्यांची तुमच्या लेखी खरोखर किंमत असेल, मुळं आणि हिरड्या ठणठणीत असतील आणि खर्च झेपत असेल, तर समजून-उमजून जरूर करा. लग्नाची तारीखच जवळ असेल, तर डॉक्टरांशी आधी बोला. समारंभापुरती तार काढून नंतर पुन्हा लावता येईल का, दिसायला कमी दिसणारे ब्रॅकेट चालतील का, असे हाडाला हात न लावणारे मार्गही असतात.

तुमच्या वर्गात, ऑफिसात कुणी तारा लावायच्या विचारात असेल तर त्यांना हा भाग पाठवा. आणि तारा आधीच लावल्या असतील, तर पुढच्या भेटीची तारीख फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. भेटू पुढच्या भागात!